एका अंगणातल्या दोन पाट्या

गेल्या नोव्हेंबरात आमच्या ड्राय फोर्कमध्ये बातमी उठली की मर्ल उगाल्डेंनी लॉटरीच्या ठरावावर दोनदा मत दिलं आणि काउंटी क्लार्कने, म्हणजे जिल्ह्याच्या निवडणूक अधिकाऱ्याने, त्यांना रंगेहाथ पकडलं. बातमी उठली रॉस्कोच्या कॅफेत. आमच्याकडच्या सगळ्या बातम्या तिथेच उठतात, अंडी खातात आणि दहाच्या आत पेट्रोल पंपावर पोचतात. पंपावर पोचेपर्यंत दोनाची चार मतं झाली होती. दुपारी शाळेच्या बसमध्ये मला कळलं की मर्लना बेड्या घातल्या, पण त्या त्यांच्या मनगटाला लहान पडल्या म्हणून शेरीफला गुरांचा दोर वापरावा लागला.

खोटं. साफ खोटं. मर्ल उगाल्डेंनी एकदाच मत दिलं. फक्त ते लेकीच्या पाकिटात घालून दिलं, आणि लेकीने तिचं मत घातलं बापाच्या पाकिटात. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण हे घडलं तेव्हा मी त्याच टेबलाशी बसून बटाटे खात होते.

पण मर्लना ओळखायचं तर आधी त्यांचा आवाज ओळखायला हवा. माणूस नंतर येतो. माणूस म्हणजे बुटका, रुंद, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, आणि चालताना डावीकडे कललेला, कारण तरुणपणी एका वळूने त्यांचा खुबा जागचा हलवला तो पुन्हा नीट बसलाच नाही. पण आवाज! आमच्या काउंटीच्या जत्रेत रिंगणाच्या कडेला एक लाकडी मचाण आहे. त्या मचाणावर दर ऑगस्टात मर्ल बसतात, आणि पोरांनी वाढवलेली डुकरं, मेंढ्या, वासरं रिंगणात आली की त्यांची नावं पुकारतात. मी जन्मायच्या आधीपासून पुकारतात. नाव काय, कोणीही पुकारेल. पण मर्ल नाव घेण्याआधी थांबतात. त्या थांबण्यात माणसाचा एक हॉटडॉग खाऊन होतो. आणि मग:

"रिंगणात येतेय... ट्यूलिप! वजन दोनशे एकसष्ट पाउंड, आणि त्यातला एकही पाउंड फुकट गेलेला नाही! सोबत तिची मालकीण डॅफ्नी ऑर्मस्बी, आज चक्क केस विंचरून आलीय, होऊन जाऊ द्या टाळ्या!"

डुक्कर ऐटीत चालतं आणि मालकीण लाजेने लाल होते. बक्षीस मिळो न मिळो, मर्लनी आपलं नाव कसं घेतलं हे आमच्याकडे पोरं वर्षभर सांगत फिरतात.

जत्रा नसायची तेव्हा, निवृत्त होईपर्यंत, मर्ल शाळेची बस चालवायचे, आणि तिथेही तोच आवाज. "मागच्या बाकावर... ब्रॉडी पीळ! वजन नव्वद पाउंड, अक्कल त्याहून कमी. बूड खाली टेक, ब्रॉडी!" बसमधून उतरताना पोरं शहाणी झालेली नसायची, पण जागी नक्की असायची.

मी त्यांची नक्कल सहावीत असल्यापासून करते. एकदा पंपावर चार जणींना ट्यूलिप करून दाखवत होते आणि समोरच्या चौघींचे चेहरे अचानक पडले. मागून आवाज आला, "विराम आखूड पडतोय, मैने. लोकांना वाट बघायला लाव. वाट बघितली की डुक्करसुद्धा मोठं दिसतं." रागावले नाहीत, दुरुस्ती करून गेले. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी मैना. घरचं नाव हॅटी आहे, ते त्यांना माहीत असावं असा माझा अंदाज आहे.

आता लॉटरी. आमच्या ऑरेगन राज्याच्या लॉटरीच्या कमाईतला एक बारीक वाटा काउंट्यांच्या जत्रांना मिळत आला होता. सेलममधल्या, म्हणजे राजधानीतल्या, लोकांच्या दृष्टीने चिल्लर. पण आमच्याकडे त्याच चिल्लरीतून गोठ्यांची छपरं दुरुस्त व्हायची, विम्याचा हप्ता जायचा, आणि फिरते संडास यायचे. तो वाटा गेला की जत्रा गेली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि गेल्या वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकात हे भलंमोठं भगदाड पडलं. मग नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ठराव आला. जत्रा, उद्यानं, नद्या यांच्यासाठी राखून ठेवलेला लॉटरीचा पैसा तूट भरून काढायला वापरू द्यायचा का? वापरलाच तर आधी शाळांसाठी. बोला, हो की नाही?

मर्ल 'नाही'. यात कोणाला शंका असण्याचं कारण नव्हतं. पण मर्लच्या घरात 'हो'सुद्धा राहत होतं, वरच्या खोलीत. तिचं नाव कोरीन, मर्लची एकुलती एक लेक, आमच्या शाळेची संगीताची मिस. पाचवीच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा वाद्य देते तीही कोरीन मिस आणि बारावीचा बँड उभा करते तीही कोरीन मिस. उंच, सडपातळ, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचं सगळं काम डाव्या भुवईवर चालतं. भुवई वर गेली की ट्रॉम्बोन गप्प होतात; मी ट्रॉम्बोन वाजवते, मला माहीत आहे. सप्टेंबरात शाळेने पालकांना कळवलं की राज्याकडून तूट भरून निघाली नाही तर जानेवारीपासून संगीत बंद. म्हणजे मिस बंद. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या चार वर्षांपूर्वी बापाकडे आल्या होत्या; आता ड्राय फोर्कमध्ये संगीताच्या बाईंना दुसरं काय काम असणार? त्यांना गाव सोडावं लागलं असतं.

माझी ट्रॉम्बोनची शिकवणी मंगळवारी त्यांच्या घरी असते, म्हणून भांडणाचा पहिला अंक मला फुकटात बघायला मिळाला.

"सेलममधल्यांच्या खिशाला भोक पडलं," मर्ल म्हणाले, "आणि ठिगळासाठी फाडायची ती माझी विजार?"

"डॅड, ती विजार आली कुठून ते सांगा ना. रॉस्कोच्या मागच्या खोलीत लोक लॉटरीच्या यंत्रापुढे बसून पगार हरतात, त्यातून. त्यांचीच पोरं माझ्या वर्गात आहेत. बाप रोज हरतोय, तर पोराला निदान क्लॅरिनेट तरी मिळू दे."

"आणि ज्या पोराला क्लॅरिनेट नको, डुक्कर हवंय, ते?"

"त्याने घरी पाळावं डुक्कर."

"घरी! घरी डुक्कर पाळलं की ते फक्त डुक्कर असतं, कोरीन. रिंगणात आलं की त्याला नाव असतं!" मर्लचा आवाज मचाणावर चढला. "त्याच रिंगणातून मी तुझ्या आईला मागणी घातली होती. माइकवरून! अख्ख्या काउंटीसमोर!"

"आणि आईने हो म्हणायला दोन आठवडे लावले. ते नाही सांगत तुम्ही माइकवरून."

मी ट्रॉम्बोनमध्ये तोंड घालून हसले. ट्रॉम्बोनमध्ये हसू नये, ते बाहेर फार मोठं येतं.

त्या दिवसापासून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी अंगणात मर्लची 'नाही'ची पाटी उभी राहिली. संध्याकाळी दोन हातांवर 'हो'ची. मग मर्लनी गवत कापलं ते बरोबर मधल्या रेषेपर्यंत. त्यांच्या बाजूला गालिचा, कोरीन मिसच्या बाजूला रान. दोन आठवड्यांत 'हो'च्या पाटीचा नुसता वरचा काठ दिसायला लागला. मग मिसनी काय करावं? समोर आमचं घर. आमची शेळी मागून नेली आणि आपल्या अर्ध्या अंगणात बांधली. शेळीने रान साफ केलं, दोर ताणून रेषा ओलांडली आणि 'नाही'च्या पाटीचा एक कोपरा खाल्ला. ओसरीवर मर्ल उभेच होते.

"रिंगणात... ऑल्सनांची शेळी!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "वजन एकशे दहा पाउंड, मत विकलेलं!"

वरच्या खिडकीतून काहीतरी खोकल्यासारखं ऐकू आलं. ते हसू होतं. पण खिडकी लगेच बंद झाली.

गंमत पुढे आहे. मर्लचे आजोबा स्पेनच्या डोंगरातून इथे मेंढ्या राखायला आले, तिथले ते बास्क लोक. त्यांनी येताना बरोबर मुस नावाचा पत्त्यांचा खेळ आणला. आमच्याकडे दर गुरुवारी सभागृहात त्याचे डाव पडतात. जोडीने खेळायचा खेळ, आणि जोडीदाराला चेहऱ्याने खुणा करायची रीतसर परवानगी. ओठ चावला म्हणजे हातात दोन राजे, जीभ दिसली म्हणजे दोन एक्के. मर्ल आणि कोरीन मिस ही काउंटीतली सगळ्यात वाईट जोडी, म्हणजे बाकीच्यांसाठी वाईट. अबोला असतानाही दर गुरुवारी दोघं समोरासमोर बसायची. शब्द एक नाही. बाप ओठ चावतोय, लेक जीभ काढतेय, आणि समोरचे बिचारे खिसे उलटे करतायत. खेळ संपला की दोघं दोन वाटांनी एकाच घरी.

मतपत्रिका आल्या त्या टपालाने. आमच्याकडे मतदानाला कुठे जायचं नसतं. मतपत्रिका घरी येते, जेवणाच्या टेबलावर भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि वाचनालयाबाहेरच्या पेटीत टाकायची. मर्लच्या घरी टपाल आलं की मर्ल ते ज्याचं त्याच्या खुर्चीसमोर ठेवतात. चुलीजवळची खुर्ची मिसची, खिडकीजवळची मर्लची स्वतःची. मंगळवार होता, शिकवणी संपली होती, मेंढीचा रस्सा आणि बटाटे होते, म्हणून मी थांबले.

जेवण झालं आणि दोघांनी एकदमच मतपत्रिका भरायच्या ठरवल्या. एकाने पेन उचललं म्हणून दुसऱ्याने. पण लेकीने आपली खूण बघता कामा नये, म्हणून मर्ल मतपत्रिका घेऊन उठले आणि भिंतीला पाठ लागेल अशा चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. बापाने आपली खूण बघता कामा नये, म्हणून मिस सरकत सरकत खिडकीशी गेल्या. मधे मर्लनी कॉर्नफ्लेक्सचा खोका उभा केला. मिसनी त्याला लागून ओट्सचा. अख्ख्या काउंटीला माहीत होतं कोण काय खूण करणार आहे! अंगणात पाट्या लावल्या होत्या! पण टेबलावर गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान.

"हॅटी," मिस म्हणाल्या, "तुझ्या मिस्टर उगाल्डेंना सांग, खोक्यावरून डोकावू नका."

"मैने, तुझ्या मिसना सांग, मी मिरपूड शोधतोय."

"मतपत्रिकेला मिरपूड?"

"तिला सांग, मला कशाला काय लावायचं ते मी ठरवेन."

पाकिटं मात्र खुर्च्यांसमोर होती तशीच राहिली होती. मर्ल मिसच्या जागी आणि मिस मर्लच्या जागी. कोणी नाव वाचलं नाही. आपल्या घरात आपल्या समोरचं पाकीट आपलंच असणार, त्यात वाचायचं काय? दोघांनी ऐटीत सह्या ठोकल्या. मग दुसऱ्याने वाटेत काही केलं तर, म्हणून दोघं बरोबरच वाचनालयापर्यंत चालत गेली, आणि पेटीशी मला 'एक दोन तीन' म्हणायला लावून एकाच वेळी पाकिटं आत सोडली.

निवडणूक झाली आणि ठराव लटकला. आमच्या काउंटीने सणसणीत 'नाही' म्हटलं होतं, पण शहरांकडची मोजणी संपेना. आज 'हो' पुढे, उद्या 'नाही'. मर्ल रेडिओ घेऊनच फिरायचे. आणि त्या गडबडीत क्लार्कच्या कचेरीकडून दोन पाकिटं आली. तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या मंगळवारपर्यंत स्वतः येऊन दुरुस्त करा, नाहीतर मत बाद.

टपाल मर्ल काढतात. दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात. एक उघडल्यावर सह्यांची अदलाबदल झालीय आणि दुसऱ्यातही हेच असणार, हे कळायला त्यांना मचाणावर चढायची गरज नव्हती. ते तसेच रॉस्कोकडे कॉफीला गेले, आणि मीही तिथे शाळेआधीचा डोनट खायला होते.

रॉस्कोने दोन्ही पाकिटं उलटीसुलटी केली. "अरे मर्ल, देवच पावला की तुला! तू जाऊन सही करून ये. आणि पोरीचं हे पाकीट," त्याने आवाज खाली आणला, म्हणजे फक्त चार टेबलांना ऐकू गेलं, "चुलीत घाल." पोरीच्या नावावर मर्लचंच मत गेलंय, हे रॉस्कोला कुठे ठाऊक होतं!

मर्लनी अंड्यांकडे बघितलं. "रॉस्को, तुझ्या अंड्यांत मीठ कमी आहे. सगळं बोलण्याला लावतोस का?"

"बरं, मग दोघंही जाऊ नका! तुझं एक 'नाही', तिचं एक 'हो'. गेलात काय, राहिलात काय, बेरीज तीच. घाटात बर्फ पडलाय. पेट्रोल तरी वाचव, म्हाताऱ्या."

मर्ल उठले, पाकिटं घेऊन निघून गेले. 'दोनदा मत दिलं' ही बातमी त्यांची पाठ वळताच जन्माला आली, ती कशी ते मी बघितलंय. रॉस्कोने नुसतं "क्लार्कने पकडलंय त्याला" एवढंच म्हटलं होतं. बाकीचं अंड्यांनी केलं.

संध्याकाळी मिसच्या ताटाशी त्यांचं पाकीट होतं. आणि पाच आठवड्यांनी मर्ल त्यांच्याशी थेट बोलले.

"सही चुकलीय तुझी."

मिसनी वाचलं. "तुमचीही."

"मंगळवारी जातोय मी बार्लोला, क्लार्कच्या कचेरीत. सकाळी सात. गाडीत जागा आहे."

शाळेला सणाची सुट्टी होती, माझ्या ट्रॉम्बोनची नळी वाकली होती आणि ती सरळ करणारा माणूस बार्लोतच आहे, म्हणून मलाही घेतलं. पिकअपला एकच बाक. मी मधे, मांडीवर ट्रॉम्बोनची पेटी. घाटात पांढरंधोप. मर्ल चालवतायत, मिस बाहेर बघतायत, आणि माझ्या डोक्यावरून दोघांचं चाललेलं:

"पुढचं चाक सरकतंय, डॅड."

"मी बेचाळीस वर्षं चालवतोय."

"चाकाला ते माहीत नाही."

बार्लोच्या कचेरीत काउंटी क्लार्क डेलोरिस फँचर खिडकीमागे बसल्या होत्या. चष्मा साखळीला, स्वेटरवर सणाची टर्की विणलेली. त्यांनी दोघांकडे बघितलं, बाहेरच्या बर्फाकडे बघितलं, पुन्हा दोघांकडे बघितलं.

"मर्ल, तुझ्या अंगणातल्या पाट्यांचे फोटो मला माझ्या बहिणीने पाठवलेत. शेळीसकट. मी काही तुम्हाला सांगू शकत नाही काय करा ते, पण... इतक्या बर्फात तुम्ही एकमेकांना शून्य करायला आलात?"

"डेलोरिस," मर्ल म्हणाले, आणि मला कळलं, आता विराम येणार. आला. रांगेतला एक माणूस खोकायचाही थांबला. "कोकरांच्या गटात कधीकधी दोनच कोकरं येतात. म्हणून मी गट रद्द केलाय कधी? दोघांची नावं घेतो. पूर्ण घेतो. आण ते कागद."

 सही करताना मिसनी बापाचा चष्मा स्वतःच्या बाहीला पुसून त्यांच्यापुढे ठेवला. परतीच्या वाटेत हातातल्या सँडविचचा अर्धा तुकडा माझ्या पेटीवरून पलीकडे गेला. चाक पुन्हा सरकलं, आणि या वेळी दोघंही गप्प बसली.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी निकाल लागला. 'हो' जिंकलं. जेमतेम जिंकलं, पण जिंकलं.

मर्लनी सकाळी पाटी उपटली, बर्फ झटकला आणि गोठ्यात नेऊन ठेवली. मिसनी आपली पाटी आदल्या रात्रीच काढली होती, कोणाला न दाखवता. शाळेने कळवलं, संगीत चालू राहील. जत्रेच्या मंडळाने कळवलं, येत्या ऑगस्टची जत्रा अनिश्चित, विम्याची सोय झाली तर बघू. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात एकाच घरात आल्या. कोणी आनंद करायचा आणि कोणी दुःख, आणि कोणत्या खोलीत?

आणि मर्ल शांत झाले. रागावून नव्हे. लेकीशी बोलत होते, पाव वाढत होते, "आज बर्फ कमी आहे" वगैरे. पण बोलत होते साध्या माणसासारखं! रॉस्कोकडे गेले आणि म्हणाले, "एक कॉफी." बस. विराम नाही, वजन नाही. रॉस्कोने दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्याने त्यांना ॲपल-पायचा तुकडा फुकट दिला. रॉस्को! फुकट! पंपावर पोरींनी मला मर्ल करून दाखवायला सांगितलं तर मला जमेना. मी मागचे मर्ल करत होते, आणि आत्ताचे मर्ल समोर रस्ता ओलांडत होते, टोपी खाली ओढून.

म्हणून मी मुद्दाम काडी टाकली. मंगळवारी शिकवणी संपल्यावर ते ओसरीवर बर्फ ओढत होते.

"शुक्रवारी शाळेत हिवाळी मैफल आहे, मिस्टर उगाल्डे. तुम्ही काही येणार नाही म्हणा."

"का नाही येणार?"

"जत्रेच्या पैशावर वाजणारी क्लॅरिनेटं कशाला ऐकाल तुम्ही? पैज लावते, येणार नाही. आणि आलात तरी मागच्या रांगेत तोंड मिटून बसाल."

त्यांनी फावडं टेकवलं. "काय देशील?"

"तुम्ही सांगा."

"मी हरलो, तर पुढच्या जत्रेत डुकरांचा गट तू पुकारायचास. मचाणावरून. तू हरलीस, तर पुढच्या जत्रेचं फाटक उघडेपर्यंत माझा आवाज काढायचा नाही. पंपावर नाही, बसमध्ये नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही."

मचाणावर मी! मी हात पुढे केला. त्यांनी हातमोजा काढून हात मिळवला.

शुक्रवारी ते आले. व्यायामशाळेच्या शेवटच्या रांगेत, हाताची घडी, टोपी डोक्यावर. मी ट्रॉम्बोनमागून बघत होते. आठवीने वाजवलं, गप्प. आम्ही वाजवलं, टाळ्या वाजवल्या, पण गप्प. मी मनातल्या मनात मचाणावर चढून माइकला फुंकर मारून बघितली.

मग पाचवीचा गट आला. सप्टेंबरात वाद्य हातात घेतलेली पोरं. त्यात ऑरिन पीळ, ब्रॉडीचा धाकटा भाऊ, ट्युबामागे नुसते केस दिसणारा. सुरुवात त्याच्याकडे होती, एकट्याकडे. मिसनी हात वर केला, खाली आणला. काहीच नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. ऑरिनचे ओठ थरथरायला लागले. ट्युबाला थरथरते ओठ चालत नाहीत. मिसची भुवई खाली आली, मऊ झाली, त्या हळूच म्हणाल्या, "घे श्वास." त्याने घेतला आणि तो हुंदका निघाला. सगळी व्यायामशाळा बूट बघायला लागली. ऑरिनच्या बापाने तोंडावर हात घेतला.

आणि मागून तो आवाज आला. माइक नाही, काही नाही.

"रिंगणात येतोय..."

काय विराम होता तो. सगळ्या माना वळल्या. मिसचा हात हवेत तसाच.

"...ऑरिन पीळ! वजन अडुसष्ट पाउंड, ट्युबासकट शंभराच्या वर, आणि त्यातला एकही फुकट गेलेला नाही! पाचवीचा गट, कोरीन उगाल्डेंनी स्वतः वाढवलेला! तीन महिन्यांपूर्वी या मंडळींना ट्युबाची कुठली बाजू तोंडाला लावतात हे माहीत नव्हतं, आज बघा! टाळ्या नंतर, आधी ऐका!"

ऑरिन ट्युबामागून बाहेर डोकावला. त्याचं नाव घेतलं होतं. पूर्ण घेतलं होतं. त्याने नाक बाहीला पुसलं आणि असा काही फुंकला की पहिल्या रांगेतल्या बाईंची पर्स मांडीवरून पडली. सूर चुकीचा होता. कोणाला पर्वा होती?

मिसनी बापाकडे बघितलं नाही, त्यांचे दोन्ही हात कामात होते. पण गाणं संपल्यावर मागे न वळता त्या म्हणाल्या, "डॅड, पुढे या. सातवी राहिलीय आणि तुम्हाला त्यांची वजनं माहीत नाहीत." मर्ल डावीकडे कलत कलत पुढे आले, आणि उरलेली मैफल त्यांनी पुकारली. बासरीवाल्या पोरीला त्यांनी "उत्तम चाल, शांत स्वभाव" म्हटलं, ती अजून सांगत फिरते.

मैफल संपल्यावर ते माझ्याकडे आले. ओठांवरून बोट फिरवलं, कुलूप लावल्यासारखं, आणि टोपीला हात लावून गेले.

मला वाटलं, ठीक आहे, फाटक उघडेपर्यंतच तर गप्प बसायचंय. दुसऱ्या दिवशी कॅफेत मी ते रॉस्कोला सांगितलं. त्याच्या हातातला कलथा थांबला.

"आणि जत्रा भरलीच नाही तर?"

मी मर्लकडे बघितलं. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी अंड्यांवर मीठ घालत होते.

"विम्याच्या सोयीसाठी मंडळाची सभा आहे गुरुवारी, मैने," ते म्हणाले. "खुर्च्या मांडायला माणसं कमी पडतायत. सहाला ये."

पैज मी हरले. गेले पाच गुरुवार मी खुर्च्या मांडतेय, अगदी तोंड मिटून.